चांग घराण्याचा कुटुंबप्रमुख

इमारतीच्या व्यवस्थापन समितीच्या बैठकीत फान युन-चिन साहेबांनी हात वर केला, तो खरं तर पंखा जरा इकडे वळवा असं सांगण्यासाठी. पण समितीचे अध्यक्ष वेन हे पेशाने दंतवैद्य. समोर कुणी तोंड उघडलं की त्यातून काहीतरी काढल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

"वा! फानसाहेब स्वतःहून पुढे आलेत," ते म्हणाले. "लिहून घ्या. कॉम्प्युटरचं काम फानसाहेब बघणार."

टाळ्या पडल्या. पंखा होता तिथेच राहिला.

काम वरकरणी अगदी मामुली होतं. खाली पहारेकऱ्याच्या टेबलावर इमारतीचा एक जुनाट कॉम्प्युटर होता आणि त्या एकट्याच्या डोक्यावर पाच प्रोग्रामांचा भार होता. दाराचे कॅमेरे, आलेल्या पार्सलांची नोंद, लिफ्टजवळच्या पडद्यावरच्या सूचना, कचऱ्याची गाडी दोन गल्ल्यांवर आली की वाजणारी घंटा आणि सभागृहातलं गाण्यांचं यंत्र. यातलं गाण्यांचं यंत्र आठवड्यातून दोनदा अडकायचं, बहुधा वेन डॉक्टरांच्या तिसऱ्या कडव्याला. मग पहारेकरी आ-श्वेइ सरळ भिंतीतली पिन उपटायचा. गाणं सुटायचं, पण बाकीचे चौघेही त्याच्याबरोबर जायचे. मागच्या आठवड्यात अशीच पिन उपटलेली असताना ये आडनावाच्या आजींची पपनसांची अख्खी पेटी दारातून नाहीशी झाली. कॅमेऱ्याने पाहिली नाही, नोंदीत सापडली नाही. आजींनी संशयित म्हणून तेवीस जणांची यादी दिली. इमारतीत घरं छत्तीस.

तेव्हा जो अडकला असेल त्याला तेवढा थांबवायचा, बाकीच्यांना धक्का लागू द्यायचा नाही, एवढंच करायचं होतं. पण थांबवायचा म्हणजे आधी त्याला नावाने ओळखता आलं पाहिजे. आ-श्वेइने कॉम्प्युटरवर चालू असलेल्यांची यादी उघडून दाखवली तेव्हा फानसाहेबांना भोवळ यायची बाकी राहिली. कुणाचं नाव नुसते आकडे, कुणाचं अर्धवट, तिघांचं एकच. कोण कुणाचा, कुठून आला, कधी आला, कशाचा कशाला पत्ता नाही.

"आणि हे सगळे आत राहतात?" फानसाहेबांनी विचारलं.

"वर्षानुवर्षं," आ-श्वेइ म्हणाला.

फानसाहेबांनी एकतीस वर्षं कुटुंब-नोंदणी कार्यालयात काढली होती. चूबेई गावात जन्मलेलं एकही मूल त्यांनी बिननावाचं राहू दिलं नव्हतं, आणि आपल्या हातून एकही खोटी नोंद झाली नाही, हे ते निवृत्तीच्या भाषणात दोनदा आणि नंतर लिफ्टमध्ये अनेकदा बोलले होते. इमारतीतली तरुण मंडळी झाडून सगळी शेजारच्या कॉम्प्युटर-चिपच्या कारखान्यांत इंजिनियर. त्यांना कॉम्प्युटर इतका कळायचा की त्यांतले कुठलेही दोघे कशावरच सहमत होत नसत. फानसाहेबांना कॉम्प्युटर कळत नव्हता, पण त्यांना तो आवडायचा. घरातल्या लहान खोलीत त्यांनी लोकांनी टाकून दिलेले सात कॉम्प्युटर आणून मांडले होते. त्यांतले दोन चालू होत. एक चालू झाल्यावर बंद होत नसे.

ती खोलीच या गोष्टीतला खरा वांध्याचा मुद्दा. फानसाहेबांच्या पत्नी लो फेंग-चियाओबाई शाळेच्या स्वयंपाकघराच्या प्रमुख म्हणून निवृत्त झालेल्या. मोहरीच्या पाल्याच्या लोणच्याच्या त्यांच्या सदतीस बरण्या बाल्कनीत आणि पलंगाखाली होत्या, एक तर चक्क पाहुण्यांच्या चपलांच्या कपाटात होती. बाई एरवी नवऱ्याला हाकच मारत नसत. घरात दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे चालून जायचं. रागावल्या की मात्र आडनावासकट.

"फान युन-चिन! तू समितीचं काम अंगावर घेतलंस?"

"माझी खास निवड झाली."

"बरं. मग ऐकून ठेव. मध्यशरदाच्या सणापर्यंत तुझं हे गाडं नीट चाललं तर खोली तुझी, मी पुन्हा तोंडातून शब्द काढणार नाही. इमारतीपुढे हसं झालं तर सातही डबे भंगारात आणि माझ्या बरण्या आत. कबूल?"

फानसाहेबांनी कबूल केलं. माणूस नुकत्याच मिळालेल्या टाळ्यांच्या भरात काय वाटेल ते कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी ते सहाव्या मजल्यावरच्या कू पाय-हानकडे गेले. हा त्यातल्या त्यात सालस इंजिनियर.

"काका, याची जगभर एक ठरलेली रीत आहे," तो म्हणाला. "प्रोग्राम चालू झाला की त्याच्या नावात आधी कुणी उघडला ते येतं, मग प्रोग्रामचं स्वतःचं नाव आणि शेवटी कुठलातरी एक आकडा. एकच प्रोग्राम दोनदा उघडला तरी घोटाळा होत नाही. फक्त प्रोग्रामचं नाव उलटं लिहितात. आधी मोठं, मग लहान. संस्था आधी, विभाग नंतर, प्रोग्राम शेवटी."

"उलटं कसलं? हेच सुलटं!" फानसाहेब खुर्चीतून उठले. "जिल्हा, गाव, रस्ता, गल्ली, घर आणि मग माणूस! पत्ता असाच लिहितात. एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं?" सगळ्या जगाने आपल्या कार्यालयाची पद्धत उचलली आणि कुणी साधं पत्र पाठवून कळवलंही नाही, याचं त्यांना आनंद होता होता थोडं वाईटही वाटलं.

मग त्यांनी कू पाय-हानने लिहून दिलेला कागद वाचला आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "अरे, पण यात कुटुंबप्रमुखाचा रकाना कुठाय?"

"कुटुंबप्रमुख नसतो, काका."

"नसतो म्हणजे? पाच जणांना उघड्यावर टाकायचं?"

आणि इथून त्या साध्या कामाला पाय फुटले.

पहिल्यांदा फानसाहेबांनी पाचही प्रोग्रामांना पिढीचं अक्षर दिलं. त्यांच्या स्वतःच्या घराण्यात त्यांच्या पिढीचं अक्षर 'युन'. ते युन-चिन, भाऊ युन-हाय, युन-सुंग, आणि दूरचे चुलत धरून असे एकशे बारा युन. नुसतं नाव ऐकून कोण कुणाच्या पिढीचा ते कळतं. तसं प्रोग्रामांना त्यांनी 'चांग' हे अक्षर दिलं, म्हणजे भरभराट. कॅमेऱ्याचा झाला चांग-यान, पार्सलांचा चांग-पाओ, सूचनांचा चांग-शिन, घंटेचा चांग-शेंग आणि गाण्यांचा चांग-गे. या पाचांनी पुढे आणखी काही उघडलं तर त्या नातवंडांना 'लिन' हे अक्षर. प्रत्येकाचा अर्ज तीन प्रतींत.

मग नावांची यादी इमारतीच्या ग्रुपवर टाकण्याची चूक त्यांनी केली. संध्याकाळपर्यंत तीनशे चाळीस निरोप. नावांच्या मधे आडवी रेघ असावी की खाली रेघ, यावरून पाचव्या मजल्यावरच्या दोन इंजिनियरांनी एकमेकांच्या स्कूटरपुढे स्कूटर लावायला सुरुवात केली. ये आजींनी यादी देवळापाशी बसणाऱ्या नामतज्ज्ञाकडे नेली. त्याने अक्षरांतल्या रेघा मोजून चांग-गेचं पोट नाजूक राहील असं सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरचे तू आडनावाचे साहेब तर पायजम्यातच खाली आले.

"फानसाहेब, माझ्या पार्सलाच्या नोंदीच्या शेपटाला तीन चार आलेत! चार, चार, चार! माझं परवा पित्ताशयाचं ऑपरेशन आहे!"

"तो आकडा आपोआप पडतो हो."

"आपोआप पडतो तो माझ्यावरच का पडतो?"

त्यांचं खोटं नव्हतं. चार म्हटलं की मरण ऐकू येतं, उच्चार जवळजवळ सारखाच, म्हणून तर ती इमारत सातमजली म्हणवत असली तरी मोजली तर सहाच भरते. तिसऱ्यानंतर थेट पाचवा. समितीने तातडीची बैठक घेऊन आकड्यांतून चार वगळण्याचा ठराव केला. कू पाय-हानने, मग त्याला वाटेल तो आकडा म्हणता येणार नाही, अशी हरकत घेतली. ती इतिवृत्तात नोंदवून फेटाळण्यात आली.

राहता राहिला कुटुंबप्रमुख. फानसाहेब त्यावरून हटायला तयार नव्हते. शेवटी कू पाय-हानने त्यांना एक सहावा प्रोग्राम बनवून दिला. त्याचं नाव चांग-फू, म्हणजे चांगांचा बाप. बाकीचे पाचही याच्यामार्फत उघडायचे.

"पण काका, हा करणार काय?"

"करणार काय म्हणजे? कुटुंबप्रमुख आहे तो."

"नाही, पण काम?"

"माझे वडील तीस वर्षं ओसरीवर बसून होते," फानसाहेब म्हणाले. "त्यांनी काडी इकडची तिकडे केली नाही. ते गेले आणि दोन वर्षांत सहा भावांच्या सहा चुली झाल्या."

"म्हणजे हा थांबला तर पाचही जण थांबणार. हे धोक्याचं आहे, काका."

"घर असंच असतं बाळा."

कू पाय-हानने डोकं खाजवलं, पण त्याच्या स्वतःच्या घरी असाच एक ओसरीवर होता. त्याने आणखी वाद घातला नाही.

आणि काय सांगावं, चाललं की! एकेचाळीस दिवस चाललं. चांग-गे अडकला की आ-श्वेइ यादी उघडायचा, त्याचं पूर्ण नाव टाइप करायचा, 'थांबवणाऱ्याचे नाव' या रकान्यात स्वतःचं नाव भरायचा, बटण दाबायचा. गाणं सुटायचं आणि बाकीचे चौघे आपापल्या कामात. एका महिन्यात एकही पार्सल गेलं नाही. ये आजींनी संशयितांची यादी सतरावर आणली. फानसाहेबांनी टेबलाशेजारी एक वहीसुद्धा ठेवली होती, कारण पडद्यावरच्या अक्षरांवर त्यांचा कार्यालयीन विश्वास नव्हता. कोण उघडला, कुणी थांबवला, कारण काय, आणि शेवटी त्यांचा शिक्का. "या पद्धतीत," त्यांनी समितीपुढे छाती काढून सांगितलं, "कुणी काय केलं ते लपत नाही. नाव निघतंच."

फेंग-चियाओबाई बरण्यांवरची धूळ पुसत राहिल्या.

मध्यशरदाच्या पौर्णिमेला संध्याकाळी सगळी इमारत अंगणात उतरली. बारा शेगड्या पेटल्या. सॉसेज, आळंबी, पावाच्या स्लाइसमधलं भाजलेलं मांस. पोरांच्या डोक्यावर पपनसांच्या सालींच्या टोप्या. आ-श्वेइला कुणीतरी शेगडीवर ओढला, म्हणून पहारेकऱ्याच्या टेबलावर तेवढ्यापुरत्या फेंग-चियाओबाई बसल्या. सभागृहातून वेन डॉक्टरांचा आवाज चढत होता. फानसाहेब शेगडीपाशी उभे राहून चौघांना कुटुंबप्रमुखाचं महत्त्व समजावत होते. त्यांच्या हातातलं सॉसेज केव्हाच काळं पडलं होतं.

डॉक्टर तिसऱ्या कडव्याला पोचले आणि गाणं अडकलं. एकच सूर आगगाडीच्या शिटीसारखा ताणला गेला.

"घाबरू नका," फानसाहेब हसून म्हणाले. "आता बघा. फक्त चांग-गे थांबेल."

सूर थांबला. त्याबरोबर सभागृहातला पडदा काळा झाला, लिफ्टजवळच्या सूचना गेल्या, दारावरच्या कॅमेऱ्याचा लाल दिवा विझला. फानसाहेबांचं हसू तोंडावर तसंच राहिलं, ते आवरायचं कसं हे त्यांना सुचेना.

त्या शांततेत सगळ्यांना एक ओळखीची धून ऐकू आली. कचऱ्याची गाडी. ती दोन गल्ल्यांवर नव्हती, इमारतीच्या दारासमोरून पुढे गेलेली होती. घंटा वाजलीच नव्हती.

पुढची काही मिनिटं इमारतीच्या इतिहासात नोंदवली जाणार नाहीत, कारण कॅमेरा बंद होता. छत्तीस घरांच्या सणाचा कचरा घेऊन माणसं गल्लीत धावली. वेन डॉक्टर माइक हातात ठेवूनच पळाले. तू साहेब पित्ताशयाच्या टाक्यांवर हात धरून पळाले. ये आजी पळाल्या नाहीत, पण त्यांनी आपली पिशवी कू पाय-हानच्या स्कूटरवर टाकली आणि तो गाडीमागे निघाला. धून लांब लांब जात राहिली. पुढची गाडी परवा. अंगणात हाडं, शिंपले आणि सालींच्या चाळीस पिशव्यांचा डोंगर झाला, आणि चंद्र छान वर आला.

"नाव!" वेन डॉक्टर धापा टाकत टेबलापाशी आले. माइक अजून हातात होता, पण सुदैवाने बंद. "फानसाहेब, तुम्हीच सांगितलं होतं, नाव निघतंच. मग काढा! कुणी केलं हे?"

"नाव काढा!" मागून चाळीसभर माणसं.

फानसाहेबांनी कॉम्प्युटरवरची यादी उघडली. पडदा फक्त त्यांनाच दिसत होता. नोंद स्वच्छ होती. *थांबवला: चांग-फू. थांबवणाऱ्याचे नाव: लो फेंग-चियाओ.*

पद्धत बरोबर होती! चूक पद्धतीची नव्हतीच. हे नाव मोठ्याने वाचलं की त्यांची मान ताठ, खोली त्यांची, सातही कॉम्प्युटर जागच्या जागी. पण गेली नऊ वर्षं कागद वेगळा का नाही, बाटली धुतली का नाही, म्हणून या इमारतीतल्या प्रत्येकाला कचऱ्यावरून झापणारी बाई एकच होती. ती आज या चाळीस पिशव्यांपुढे उभी राहिली असती तर लोकांनी नऊ वर्षांचं उट्टं एका संध्याकाळी काढलं असतं. फानसाहेबांनी वळून पाहिलं. फेंग-चियाओबाई भिंतीला टेकून, हातात पपनसाची फोड धरून उभ्या होत्या. चेहरा पांढराफटक. संसाराच्या चौतीस वर्षांत फानसाहेबांनी त्यांना घाबरलेलं पाहिलं नव्हतं आणि ते त्यांना मुळीच सहन झालं नाही.

त्यांनी एका बोटाने पडदा विझवला.

"फान युन-चिन," ते म्हणाले. "मीच. इथून शेगडीपाशी जाता जाता चुकून हात लागला."

"तुम्ही तर माझ्याशेजारी सॉसेज जाळत होतात," आ-श्वेइ म्हणाला.

"त्याच्या आधी लागला. परिणाम सावकाश झाला." वही ओढून त्यांनी खरोखरच लिहिलं: थांबवणारा फान युन-चिन, कारण हलगर्जी. खिशातून शिक्का काढला. खाली तो उमटवला.

वेन डॉक्टरांनी तिथेच उभ्याउभ्या बैठक घेतली. ठराव साधा होता. उद्यापासून चांग घराणं बरखास्त, आ-श्वेइने पूर्वीसारखी पिन उपटावी आणि फानसाहेबांनी कॉम्प्युटरपासून दहा पावलं लांब राहावं. हात वर होऊ लागले. फानसाहेब मनातल्या मनात कुठला कॉम्प्युटर आधी भंगारात द्यायचा ते ठरवत होते. बंद न होणारा सगळ्यात शेवटी.

"फान युन-चिन!"

वर जाणारे हात मधेच थांबले. ही हाक इमारतीतल्या सगळ्यांच्या ओळखीची होती.

फेंग-चियाओबाई टेबलापाशी आल्या, वही उचलून त्यांनी नोंद वाचली आणि शिक्क्यावरून अंगठा फिरवला. शाई अजून ओली होती.

"एकतीस वर्षांत खोटी नोंद केली नाहीस. मंत्र्याच्या पुतण्याची जन्मतारीख बदलून दिली नाहीस, त्यापायी दोन वर्षं बढती घालवलीस. आणि आज केलीस?"

फानसाहेब टेबलाच्या कडेकडे बघत राहिले. "तुझं नाव होतं," ते हळूच म्हणाले.

बाईंनी वही टेबलावर ठेवली. "मी केलं!" त्या चाळीस जणांकडे वळून गरजल्या. "लो फेंग-चियाओने! यादीत सहा जण होते. पाच जण राबत होते. त्यातला तो गाणारा तर घामाघूम झाला होता. आणि एक मेला एकेचाळीस दिवस नुसता बसून! काम शून्य! माझ्या स्वयंपाकघरात राबणाऱ्याला मी कधी काढलं नाही. म्हटलं, याच्यामुळेच तुंबलंय सगळं. काढला त्याला. मला काय माहीत, त्या बसलेल्याच्या जिवावर पाच जण उभे आहेत ते! आता कुणाला माझ्या कचऱ्याबद्दल काही बोलायचंय?"

नऊ वर्षं वाट पाहिलेली संधी समोर चालून आली होती. पण जो तो आपापल्या पिशवीची गाठ आवळू लागला. ये आजी तेवढ्या पुढे झाल्या आणि त्यांनी संशयितांच्या यादीतून फानसाहेबांचं नाव खोडलं. ते तिथे होतं हे फानसाहेबांना तेव्हाच कळलं.

"डॉक्टर," फेंग-चियाओबाई म्हणाल्या, "पद्धत राहू दे. फक्त त्या बापाच्या नावापुढे लिहा, याला हात लावू नये. आणि परवापर्यंत या पिशव्या मी वेगळ्या करते. तुमच्या बाटल्या न धुतलेल्याच असणार, मला माहितेय."

वर गेलेले हात एकेक करून खाली आले. डॉक्टरांनी ठराव मागे घेतला आणि मग, हातात माइक होताच म्हणून, राहिलेलं तिसरं कडवं तसंच, नुसत्या गळ्याने, पूर्ण केलं.

फेंग-चियाओबाईंनी वही नवऱ्यापुढे सरकवली. "दुरुस्त कर." फानसाहेबांनी कार्यालयीन रीतीने खोट्या नोंदीवर दोन समांतर रेघा मारल्या, बाजूला शिक्का मारला आणि खाली खरं नाव लिहिलं. कारणाच्या रकान्यापाशी ते अडले.

"लिही," बाई म्हणाल्या. "नुसता बसलेला दिसला."

लिफ्टमध्ये दोघंच होती. तिसऱ्यानंतर दिवा थेट पाचावर गेला.

"खोली तुझी," त्या दाराकडे बघत म्हणाल्या. "बरण्यांचं मी बघते. पण दिवसभर आत दार लावून बसत जाऊ नकोस."

"का? बाहेर माझं काय काम आहे?"

"काम कशाला हवं?" फेंग-चियाओबाई म्हणाल्या, आणि हातातली पपनसाची फोड त्यांनी सोलून त्यांच्या हातावर ठेवली. "समोर बसलेला दिसलास की मला बरं वाटतं."